परक्या नदीची सुकती

मोटरसायकलवरून परदेशी जायला पावसाळा निवडणारी माणसं जगात दुसरीकडे कुठं असतील असं मला वाटत नाही. आम्ही निवडला. आम्ही मुंबईसमोरच्या मोरा बंदराचे कोळी, आणि कोळ्याला सुट्टी पावसाळ्यातच. होड्या वर ओढून झापांनी झाकल्या की नारळी पुनवेपर्यंत जाळी विणायची, पत्ते कुटायचे आणि बायकांची बोलणी खायची. फिरायला जायचं तर तेव्हाच, हे इतकं उघड होतं की त्यावर कुणी चर्चासुद्धा केली नाही. जिथं जायचं तिथंही पाऊस पडत असेल, हे आमच्या सहा जणांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. आज आठवलं की लोकांना हसू येतं, मला संताप येतो.

एकोणीसशे साठनंतरची गोष्ट. नवी मुंबई हे नावसुद्धा तेव्हा जन्माला आलं नव्हतं. कोळंबीला बरा भाव मिळू लागला होता आणि गावात चार फटफट्या आल्या होत्या, त्याही लष्करातून मोडीत निघालेल्या. त्यांतली एक माझ्या थोरल्या भावाची. दादा आमच्या होडीचा तांडेल, म्हणजे म्होरक्या. जन्मभर त्यानं मोऱ्याच्या धक्क्यावरून परदेशी बोटी येता-जाताना बघितल्या होत्या, आणि त्याचा त्याला मनात सल होता. साऱ्या जगाच्या बोटी आपल्या दारावरून जातात आणि आपण रोज संध्याकाळी त्याच चिखलात परत येतो, असं तो म्हणायचा. मग गावातल्या एका खलाशानं सांगितलं, की नेपाळ हासुद्धा परदेशच, आणि तिथं आपल्याला पासपोर्ट लागत नाही. झालं, दादानं ठरवलं आणि आम्ही निघालो.

आम्ही सगळे त्याच्याच होडीवरचे. होडीवर तांडेल बोलला की उलट विचारायचं नाही, ही आमची रीत. पाण्यात वाद घालायला वेळ नसतो. आमची डोल जाळी पाण्याच्या ओढीवर लावायची असतात; भरती-ओहोटी नेमकी कधी फिरते हे ज्याला कळतं तो तांडेल, आणि दादाला ते झोपेतही कळायचं. रस्त्यावरही आम्ही तीच रीत चालू ठेवली. कुठं थांबायचं, कुठं जेवायचं, कुणी कुणाच्या मागे बसायचं, सगळं दादाच सांगायचा. दुसरी रीत आम्हाला ठाऊकच नव्हती.

सुरुवातीला मजा होती, नाही असं नाही. सामानात सुक्या बोंबलांचं गाठोडं होतं आणि त्याच्या वासापायी दोन धर्मशाळांनी आम्हाला बाहेरचा रस्ता दाखवला. माझ्या बहिणीचा नवरा, आमचे दाजी, त्या गाठोड्यावर डोकं ठेवून झोपायचे आणि म्हणायचे की घरच्यासारखी झोप लागते. दाजी अंगानं दांडगे, स्वभावानं गरीब. दादापेक्षा वयानं मोठे, तरी होडीवर त्याच्या शब्दाबाहेर कधी गेले नाहीत. निघताना ताईनं दादाला एवढंच सांगितलं होतं, की यांना सांभाळ, हे नको म्हणायला शिकलेले नाहीत.

रक्सौलच्या पुढे सरहद्द ओलांडली तेव्हा दादा जरा हिरमुसला. परदेश वेगळा दिसेल अशी त्याची समजूत होती. तिथंही तोच चिखल आणि तेच कावळे. पुढे डोंगर सुरू झाले, धो धो पाऊस लागला, आणि एका ठिकाणी रस्ताच खचलेला. गाड्या खाली उतरून नदीच्या पात्रातून पलीकडे जात होत्या. आम्ही पोचलो तेव्हा नदी गढूळ होऊन वाहत होती आणि ट्रकवाले काठावर चहा उकळत निवांत बसले होते. वर डोंगरात पाऊस चालू आहे, आज कुणी उतरू नका, असं त्यांनी सांगितलं.

दादानं पाण्याच्या कडेला एक काठी रोवली. घरी खाडीवर आम्ही हेच करतो. थोड्या वेळानं पाणी काठीपासून मागे सरलं, हातभर. खाडीला एकदा सुकती, म्हणजे ओहोटी, लागली की पाणी हटतच जातं; मधेच विचार बदलून परत येत नाही. आमच्या सात पिढ्यांनी दुसरं पाणी बघितलं नव्हतं.

"सुकती लागली," दादा म्हणाला. "गाड्या काढा."

मी म्हटलं, "दादा, ही आपली खाडी नाय. वरशी पानी येतंय."

"पानी सगलीकरं पानीच हाय," तो म्हणाला, आणि विषय संपला. बाकीचे माझ्याकडे असे बघू लागले, जणू मीच काहीतरी वंगाळ बोललो होतो.

आमच्या तीन गाड्यांपैकी दाजींची वजनाला हलकी, म्हणून ती आधी. सायलेन्सरच्या तोंडात चिंधी कोंबली. दादा हातात काठी घेऊन पुढे, तळ चाचपत. मागे दाजी गाडी ढकलत. भित्रा तर दादा नव्हताच. तो पलीकडे पोचला, वळला, दाजी अजून मधेच, आणि तेवढ्यात वरून पाण्याचा लोंढा आला. आवाज झाला तो पाण्याचा नव्हे, त्यातून गडगडत येणाऱ्या धोंड्यांचा. दाजींनी गाडी सोडली असती तर निभावलं असतं. पण तांडेलानं धरायला सांगितलेली वस्तू सोडायची नसते, म्हणून त्यांनी हँडल धरून ठेवलं. गाडी त्यांच्या पायावर आडवी झाली आणि गाडीसकट त्यांना घेऊन पाणी निघालं.

ट्रकवाल्यांनी दोर टाकून दाजींना आमच्या काठावर ओढून काढलं. गाडी गेली. उजवा पाय गुडघ्याखाली नको तिकडे वळला होता. दादा पलीकडे अडकलेला. त्याला येता येईना, ओरडलेलं ऐकू जाईना. दाजी विव्हळत होते आणि तो समोरच्या काठावर काठी धरून नुसता उभा होता. मला त्याचा असा राग आला होता की काय सांगू, आणि तरीही त्याच्याकडे बघवत नव्हतं. दुसऱ्या दिवशी पाणी उतरल्यावर तो अलीकडे आला आणि दाजींच्या पायाशी बसला.

काठमांडू आम्ही बघितलंच नाही. इस्पितळात दाजींचा पाय बांधून घेतला आणि त्यांना आगगाडीनं घरी आणलं. पाय कायमचा ताठला. होडीवर तोल सांभाळणं त्यांच्या नशिबातून गेलं. होडीवरची गोष्ट धक्क्यावर सांगायची नाही, हीसुद्धा आमची रीत, म्हणून गावात सगळ्यांनी गाडी घसरली असंच सांगितलं. ताईलाही. दाजींनी तर त्यावर कडी केली. मी त्यांच्याजवळ चिडून बोललो तेव्हा हळूच म्हणाले, "तांडेलाची सुकती बरोबर व्हती. माझाच पाय हालला." त्या माणसाचा मला दादाहून जास्त राग आला.

नारळी पुनव झाली, होड्या पाण्यात गेल्या. पहिल्याच दिवशी दादा सुकाणूवर बसला, पाण्याकडे बघितलं आणि जाळं सोडा म्हणाला. आणि हात दोराकडे जाण्याआधी चौघांनी वाकून पाण्याकडे बघितलं. त्यांत मीही होतो. क्षणभरच. पाणी अगदी बरोबर फिरलं होतं, दादा खाडीत कधीच चुकला नाही. जाळं सोडलं, मासळीही चांगली मिळाली.

धक्का जवळ आल्यावर तो उठला आणि सुकाणू माझ्या हातात दिलं. उद्यापासून तू, म्हणाला. मी नको नको म्हटलं, बाकीच्यांनीही म्हटलं, पण कुणाच्याच आवाजात जोर नव्हता आणि ते त्याला कळलं.

दुसऱ्या दिवशी तो पुढे दोरखंडापाशी जाऊन बसला, जिथं दाजी बसायचे. पाणी फिरलं की नाही याची मला स्वतःलाच खात्री नव्हती. तरी मी सोडा म्हणालो. बाकीचे पाण्याकडे वाकले. दादानं पाण्याकडे मान वळवली नाही. दोर मोकळा केला आणि सोडून दिला.