हौदातली चार गाणी आणि पाचवं

मराठवाड्याचा दुष्काळ आजवर एकाच माणसाला मानवला, ते म्हणजे पुंडलिकनगरातले आमचे घरमालक काका. मी सोयगावकडचा, आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर. म्हणून ते मला नावानं न बोलावता 'ग्रॅज्युएट' म्हणत, आणि खोटं कशाला बोलू, मला ते आवडायचं. काका दिवसा बँकेत आणि संध्याकाळी शहरातल्या सगळ्यात जुन्या प्रोग्रेसिव्ह मेटल बँडचे ड्रमर. हे कसलं संगीत, असं मी विचारलं तर म्हणाले, "गाणं बारा मिनिटांचं, ताल घडीघडीला बदलणारा, आणि ओरडणारा माणूस सुशिक्षित." सात मात्रांचं त्यांना भारी वेड. बँकेत शिक्के सातात पडत, जिना ते सातात चढत. कुकरवर लक्ष ठेवायला बसवलं तर सातव्या शिट्टीशिवाय गॅस बंद करत नसत, त्यामुळं काकूंच्या डाळीचा लगदा ठरलेला.

त्या वर्षी नळ कोरडा, बोअर कोरडी. कॉलन्या वाढत होत्या आणि टँकरमधून घरटी दोन पिंपं मिळत होती. काकांच्या अंगणाखालचा मोठा हौद खडखडीत पडला. सगळी गल्ली आभाळाकडं बघत असताना काका हौदात उतरले, एक टाळी वाजवली आणि डोळे पुसतच वर आले. "ग्रॅज्युएट, हा आवाज मुंबईच्या स्टुडिओत मिळायचा नाय!" आधीचे दोन अल्बम कुणी ऐकले नव्हते. बँडमधले सगळे पन्नाशीला टेकलेले, हा शेवटचा डाव; तिसरा अल्बम हौदातच रेकॉर्ड करायचं ठरलं. औरंगपुऱ्यात चष्म्याचं दुकान चालवणारे रफीकभाई गायचे. ते शिडीनं खाली उतरले आणि खोकून बघत म्हणाले, "मियाँ, इसमें तो खाँसी भी सुर में आती!"

चार गाणी अशी झाली की गल्लीतली भांडी नाचली. पाचवं अर्ध्यावर आलं आणि वरून शेजारच्या सुरेखाताई ओरडल्या, "काका, अख्खा टँकर मिळालाय गल्लीला! एवढं पाणी मावंल असा हौद तुमचाच. निघा वर!"

"एवढं गाणं होऊ द्या की, ताई."

"ड्रायव्हर थांबत नाय म्हणतोय. गाणं पिऊन जगू का आम्ही?"

काकांनी हौदाच्या भिंतीवरून एकदा हात फिरवला, काठ्या कमरेला खोचल्या आणि पहिला ड्रम माझ्या हाती दिला. ज्या रांगेतून रोज कळशा सरकायच्या, त्याच रांगेतून त्या दिवशी झांजा सरकल्या. हौदात पाइप पडला तशी गल्लीनं शिट्ट्या मारल्या. राहिलेलं सगळं मग काकांच्या बेडरूममध्ये, भिंतींना गोधड्या टांगून रेकॉर्ड झालं.

कॉलनीच्या सभागृहात अल्बम वाजवला, तेव्हा काळे टीशर्ट घातलेली इंजिनिअरिंगची पोरं पहिल्या चार गाण्यांना बाकावर उभी राहिली. पाचव्याला एक जण म्हणाला, "काका, इथं आवाज बसला राव."

"बसला कसला?" मागून सुरेखाताई कडाडल्या. "तवा पाणी आलं होतं!" आणि सगळी गल्ली उठून टाळ्या वाजवायला लागली. पोरांना काही कळेना, पण तीही उठली. अशी दाद मोठमोठ्या बँडांना मिळालेली नसेल.

काका आता मुलाकडं पुण्याला असतात. मी अजून तो अल्बम लावतो. पाचवं गाणं अर्ध्यावर येतं, घुमणारा ड्रम एकाएकी गोधडीत गुंडाळल्यासारखा होतो, आणि बायको म्हणते, "पुढचं लावा हो." मी तिथंच आवाज वाढवतो.