जर्मनवाली बोलली

अशा गोष्टी मी चवीनं वाचतो, पण विश्वास म्हणाल तर शून्य. हा अनुभव माझ्या घरातला नसता तर मीही हसून पुढं गेलो असतो.

मी नांदेडचा. लग्नाचे व्हिडिओ एडिट करतो. सीझन नसला की पुण्याच्या एका स्टुडिओकडून जुन्या मूकपटांच्या सफाईचं काम घेतो — स्कॅन केलेल्या फिल्मवरचे ओरखडे, डाग एकेक फ्रेम घेऊन पुसायचे. मागच्या वर्षी एका जर्मन नटीच्या फिल्म आल्या होत्या. नाव देत नाही, तसंही आता ते कुणाला माहीत नाही. सुरुवातीला ती नाचणाऱ्या पोरींच्या रांगेत अगदी कडेला दिसते. मग मोलकरीण, मग नायिकेची मैत्रीण... आणि मग एकदम नायिका! काही वर्षं सगळा पडदा तिचाच. नंतर बोलपट आले आणि तिला कुणी बोलूच दिलं नाही. शेवटच्या तुकड्यात ती गर्दीत उभी आहे, ट्रामची वाट बघत. काही सेकंद. त्यानंतर ती कुठंच नाही.

हे सगळं माझ्याशेजारी बसून बघायची माझी मोठी बहीण, आपा. लहानपणी तापात तिचे कान गेले. थोडंफार बोलते, आमचे ओठ बघून समजून घेते. ‘जर्मनवाली’ हे नाव तिनंच ठेवलेलं. त्या नटीची कामं सुटत गेली तशी आपा फार चिडायची. "आवाजाचं काय एवढं?" म्हणायची.

तर एप्रिलमधली ती दुपार. माझी मुलगी सना लातूरला मेडिकलच्या क्लाससाठी राहत होती. तिच्या रूममेटचा फोन आला — "अंकल, सना सकाळी क्लासला म्हणून निघाली, पण आलीच नाही. फोन पण बंद येतोय." चाचणीत मार्क कमी पडले होते, पोरगी नीट जेवत नव्हती, हेही तिनंच सांगितलं. आणि आदल्या दिवशी रेल्वेच्या वेळा विचारत होती...

रेल्वे म्हटल्यावर मनात नको ते आलं; मी लगेच लातूरला फोन लावला. लातूरचे माझे मेहुणे आधी पोलिसांकडं, मग स्टेशनवर धावले. बायको नमाजासाठी जानमाज अंथरून बसलेली, पण तिला दुआचे शब्दच आठवेनात. मी ओळखीच्या प्रत्येकाला फोन लावत होतो. समोरचा "बघतो हां" म्हणाला की ओरडावंसं वाटायचं. शेवटी मेहुण्यांनी कळवलं — तशी एक मुलगी परळीच्या गाडीत बसताना कुणीतरी पाहिली. मित्र कार घेऊन आला. मी पळतच निघालो, तेवढ्यात मागून कुणीतरी शर्ट धरला. आपा! इतका वेळ ती आतल्या खोलीत कॉम्प्युटरसमोर होती.

"लोहा," ती म्हणाली — लातूरच्या वाटेवरचं गाव. "लोह्याला जा. निळं दार. जर्मनवाली बोलली."

मी तिचा हात झटकला. तशी ती अनवाणी, भर उन्हात, गाडीच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली. "पहले लोहा!"

"आपा, बाजूला हो! माझी पोरगी—"

बायको दारात आली. रडून तिचा आवाज बसला होता. "ऐका तिचं," ती म्हणाली. "आपल्याकडं पक्कं हाय तरी काय?"

मी परळीला दुसऱ्या मित्राला धाडलं आणि आम्ही लातूरच्या रस्त्यानं लोहा गाठलं. एसटी स्टँडवर सना नव्हती. फलाट पाहिले, कँटीन पाहिलं. पोरगी तिकडं, आणि एका मुक्या सिनेमाच्या नादानं मी इथं... काकड्या विकणाऱ्या एका बाईला फोटो दाखवला.

"न्हाई बा. ध्यानात न्हाई."

"इथं निळं दार कुठं आहे?" विचारताना मलाच लाज वाटली.

"निळं? मागं बंद गॅरेज हाय की. पत्र्याचं दार हाय त्याला."

सना त्या दाराला टेकून पडली होती. अंग भट्टीसारखं तापलेलं, ओठ फुटलेले. तिनं मला ओळखलं नाही. तिथल्याच डॉक्टरांनी सलाईन लावलं. "अजून उशीर झाला असता तर..." म्हणाले.

शुद्धीवर आल्यावर तिनं सांगितलं. घरी यायची रेल्वे चुकली म्हणून ती एसटीत बसली होती. वाटेत चक्कर यायला लागली म्हणून उतरली आणि सावली शोधत मागं गेली. फोन केव्हाच बंद पडलेला. "घरी येऊन काय सांगू, तेच कळत नव्हतं अब्बा," म्हणाली. मी तिचे पाय दाबत बसलो.

परतल्यावर आपानं दाखवलं — ट्रामचा तो तुकडा. मी पुन्हा पुन्हा पाहिला. पुण्याहून मूळ स्कॅन परत मागवला. नटीचे ओठ पहिल्यापासून शेवटपर्यंत मिटलेले.

"आपा, ही तर बोलतच नाही. तू ओठ कसे वाचलेस?"

आपानं मान हलवली. कानाला बोट लावलं. "ओठ कुठं वाचले? ऐकलं मी."

आम्ही तिचे कान तपासून घेतले. काहीच फरक नाही, पहिल्यासारखेच बंद. त्यानंतर तिनं कधीच काही ऐकलं नाही. योगायोग म्हणा, भास म्हणा, मी भांडणार नाही.

सना आता नांदेडलाच कॉलेजात आहे. परवा ती आपाला विचारत होती, जर्मनवालीचा आवाज कसा होता म्हणून.

"घाईत होती," आपा म्हणाली.