पेरांवरचे महिने

आत्या बोलायला बसली की तिचा अंगठा बोटांच्या पेरांवर फिरू लागायचा. चार बोटांची बारा पेरे, म्हणजे बारा महिने. करंगळीच्या तळाशी चैत्र, तर्जनीच्या टोकाला फाल्गुन. कुणाची म्हैस कधी विणार, कुणाचा नवरा मुंबईहून कधी येणार, सारे तिला तिथे दिसे. समोर नवी नवरी असली तर ती तिचाच हात ओढून घेई, एखाद्या पेराला चिमटा काढी आणि म्हणे, "ह्या पेरापातूर कळ काढ गो. मंग होऊ दे पोरं."

नवरी लाजून पळायची आणि आत्या हसायची. तिचे हसणे आधी पोटात सुरू होई आणि तोंडापर्यंत यायला त्याला वेळ लागे. अशी एखादी बाई तुमच्याही आळीत असेलच. तिच्यावाचून बारसे होत नाही आणि भांडणही मिटत नाही.

माझे यजमान पोलादपूरजवळच्या त्या वाडीत शाळामास्तर होते. पोस्टाचे कामही त्यांच्याकडेच, आमच्या ओटीवर चाले. मास्तरांपुढे बसून मनातले सांगायला बायकांना लाज वाटे, म्हणून त्यांची पत्रे मी आत चुलीपाशी बसून लिहायची आणि वाचायची. महाडच्या शाळेत चार इयत्ता झाल्याचा मला तेव्हा फार ताठा होता.

आत्या त्याच वाडीची लेक. तरुणपणीच विधवा होऊन भावाकडे परत आली आणि मुलाला भावजयीच्या पदरात टाकून मुंबईला गिरणीत गेली. मी तिला पाहिले तोवर ती बॉबिनी भरणाऱ्या बायकांची नायकीण झाली होती. कुणाला कामावर घ्यायचे, कुणाला परत पाठवायचे, हे तिच्या हातात असे. वर्षातून दोनदा ती आगबोटीने बाणकोटला उतरायची, मचव्याने खाडी चढून दासगावपर्यंत यायची आणि तिथून बैलगाडीने वाडीत. येताना माझ्यासाठी टाक, निबे आणि एकदा तर चक्क निळ्या शाईची बाटली आणली होती. माझ्या पहिल्या बाळंतपणात तीन दिवस ती माझ्या उशाशी बसून होती. हे सांगितल्याशिवाय पुढचे सांगणे बरे नव्हे.

भागी आमच्या शेजारची सून. तिला दोन मुले झाली होती. पहिल्याच्या वेळी आठव्या दिवशी ती लाकडाचा भारा डोक्यावर घेऊन डोंगर उतरली, दुसऱ्याच्या वेळी लावणीत गुडघाभर चिखलात होती. ती फार बोलत नसे. एकदा पत्र सांगता सांगता मध्येच म्हणाली, "येक पोर माझ्या अंगावर सव्वा म्हयना निजला पायजे, मास्तरीणबाय. येवढाच." ते मी पत्रात लिहिले नाही. नवरा मुंबईत गोदीत होता, त्याला काय लिहायचे.

त्या सुमारास गिरणीत नवा कायदा झाला होता. बाळंतिणीला सात आठवडे घरी बसून पगार. आत्यानेच ही बातमी वाडीत आणली. बायकांना ती थट्टाच वाटली. "बाळंत व्हयाचा पगार? मंग माज्या सासूचा लय देना निघल," असे एक जण म्हणाली. भागी मात्र हसली नाही. ती आत्याजवळ सरकून बसली.

आत्याने तिचा हात हातात घेतला. "नीट ऐक. बदलीवर, दुसरीच्या जागी केलेलं दिवस धरीत नायत. वहीत नाव चढून पक्कं तिकीट व्हवं लागतं. त्या तिकिटावर नऊ म्हयने भरलं पायजेत. तिकीट व्हईस्तवर पोटात काय नको. आधी तिकीट, मंग पाळणा." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "देवानं नऊ म्हयने लावले, सायबानं पन नऊच लावले. दोगांचा इचार येकच."

मुलांना सासूपाशी ठेवून भागी तिच्याबरोबर मुंबईला गेली. वर्षभर बदलीवर राबली आणि नवऱ्यापासून जपून राहिली. गिरणीच्या पगारासाठी कुशीला कुलूप लावले म्हणून सासू गावभर बोलत सुटली. पुढच्या कार्तिकात आत्याने तिच्या हातात पितळी बिल्ला ठेवला आणि पक्के तिकीट झाल्याचे सांगितले. भागीने पत्रात एवढेच कळवले, की मधल्या बोटाचे मधले पेर धरून ठेवा. मीही ते कार्तिकाचे पेर धरून ठेवले. वैशाखात तिला दिवस राहिल्याचे कळले तेव्हा मी घरात उगाच गोडाचे केले.

भादव्यात ती गणपतीला आली आणि चांगली सात आठवडे राहिली. आत्यानेच पाठवली होती. "गरवार बाईनं वाईच गावची हवा खावी. तिकीट मी संभाळते," असे म्हणून. वाडीतल्या बायका आत्याचे गुण गात होत्या आणि त्यात माझा आवाज सर्वांत मोठा होता. त्याच दिवसांत आत्याच्या सुनेला वाडीतच मुलगा झाला. आत्या नातवाला पाहायला आली आणि जाताना माझ्याकडून एक अर्ज लिहून घेऊन गेली. पाटलाच्या वहीत जन्माची नोंद झाल्याचा दाखला तिला हवा होता. कशाला म्हणून विचारले तर म्हणाली, "सायबाला पेढं देयाचं तर कागूद दाखवावा लागतो गो." साहेब लोक विक्षिप्तच असतात असे म्हणून मी हसले, आणि सुनेचे नाव सुरेख वळणदार अक्षरात लिहिले.

मार्गशीर्षात भागीचे पत्र आले. मुंबईत कुणाकडून तरी लिहवून घेतलेले. तिच्या सासूला चुलीपाशी बसवून मी ते मोठ्याने वाचू लागले. रजेचा कागद घेऊन भागी कचेरीत गेली होती. कारकुनाने बिल्ल्याचा नंबर पाहिला, वही पाहिली आणि सांगितले, या नंबरची बाई भादव्यात बाळंत झाली. सात आठवड्यांचा पगार नायकिणीने नेला आहे. पाटलाचा दाखलाही जोडलेला आहे.

मी थांबले. म्हातारी म्हणाली, "पुढं वाच."

पुढे वाचण्यासारखे काही नव्हते. गिरणीत कुणी नावाने हाक मारत नाही, नंबरने मारतात. वर्षभर भागी त्या नंबरला ओ देत होती आणि वहीत त्या नंबरापुढे आत्याच्या सुनेचे नाव होते. ज्या सुनेने मुंबई डोळ्यांनी पाहिली नव्हती, तिच्या बाळंतपणाच्या रजेवर भागी गणपतीला आली होती. आणि दाखल्याचा अर्ज माझ्या हातचा होता. तिकीट आधी सुनेच्या नावाने चढले की सुनेला दिवस आधी गेले, हे मला आजही ठाऊक नाही.

भागी शेवटच्या दिवसापर्यंत यंत्रापाशी उभी राहिली. माघात मुलगा झाला. अकराव्या दिवशी त्याला चाळीतल्या म्हातारीजवळ ठेवून ती पुन्हा बदलीवर गेली, कारण पक्के तिकीट तिचे कधी नव्हतेच. मूल सव्वा महिन्याचे झाले नाही.

शिमग्याला आत्या आली. नेहमीसारखी सरळ आत येऊन चुलीपाशी बसली. म्हणाली, "येक कागूद लिव गो मास्तरीणबाय."

मी भागीचे नाव घेतले. ती जराही बिचकली नाही. "सून घरची हाय. नाव घरात ऱ्हायलं, तर उद्या माज्या मागं तिला जागा ऱ्हायल. भागी परकी." मग अगदी मायेने म्हणाली, "तरनी हाय ती. अजून लय पेरं हायत."

तिने माझ्यावर हात उगारला असता तरी मला इतके लागले नसते. तीन दिवस माझ्या उशाशी बसलेली बाई आणि ही बाई एकच, हे माझ्या गळी उतरेना. मी म्हटले, "शाई संपली, आत्या."

तिनेच दिलेली निळी बाटली फळीवर अर्धी भरलेली होती. आत्याने तिच्याकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले. अंगठा पेरांवर फिरत होता, तो मधल्या बोटावर थांबला. ती उठली आणि लुगडे झटकून निघून गेली. पुन्हा ती आमच्या घरात आली नाही. दोन वर्षांनी ती मुंबईतच गेल्याचे कळले. बातमी ऐकून मी रडले, आणि रडल्याचा मला राग आला.

भागी मुंबई सोडून वाडीत परत आली ती तिथेच राहिली. एका सकाळी विहिरीवर ती भेटली तेव्हा तिचे पोट दिसत होते. कितवा महिना, म्हणून मी विचारले. सवयीने तिचा अंगठा करंगळीपाशी गेला. मग तिने मूठ मिटली आणि हात पदराखाली घेतला.

"मोजीत नाय मी, मास्तरीणबाय," ती म्हणाली, आणि दुसऱ्या हाताने कळशी उचलून चालू लागली.