दोनशे सतरा नंबरचा क्रेट

आमच्या शेडवर तिला सगळे भागूबाई म्हणत. भित्री भागूबाई, त्यातली. खरं नाव हजेरीपटावर होतं, पण त्या नावाने कुणी हाक मारली नाही आणि तिनेही कधी तक्रार केली नाही, बहुधा घाबरूनच. बाई घाबरायची तरी कशाकशाला! शीतगृहाचं दार आपोआप बंद होईल म्हणून ते एका पायाने अडवून धरायची आणि अर्धं अंग बाहेर ठेवून आतले क्रेट ओढायची. फोन वाजला की आधी विचारायची, "कुणाला काही झालं नाही ना?" हमाल मुद्दाम तिच्या मागे जाऊन ताडपत्री झटकायचे आणि ती किंचाळली की हसून लोळायचे. मीही हसलोय. खोटं कशाला सांगू?

तिचं काम क्रेट धुण्याचं. सिमेंटचा हौद, एक ब्रश आणि कोपरापर्यंतचे रबरी हातमोजे. ते ती वापरायची नाही, कारण आत काहीतरी शिरलं असेल अशी तिला धास्ती. नवरा गेल्यापासून थोरल्या भावाकडे राहायची. भाऊ आमच्याच गटातला शेतकरी, त्यानेच तिला कामाला लावलेलं. पगार झाला की पाकीट न फोडता वहिनीच्या हातात द्यायची.

आणि मी? मी या सेंद्रिय गटाचा व्यवस्थापक, त्रेचाळीस शेतकऱ्यांचा माल गिऱ्हाइकांपर्यंत पोचवणारा. मी आलो तेव्हा सगळा आनंदीआनंद होता. शेतकरी भाजी आणायचे, ती जमिनीवर ओतायची, निवडायची, पुन्हा दुसऱ्या क्रेटमध्ये भरायची. तोवर गाडी दीड तास उभी आणि पालकाने मान टाकलेली. मी ते मोडून काढलं. शेतकऱ्याने शेतातच क्रेट भरायचा, तोच क्रेट तसाच गाडीत चढवायचा आणि बदल्यात धुतलेले रिकामे क्रेट घरी न्यायचे. प्रत्येक क्रेटवर नंबर, कोणता नंबर कुणाकडे त्याची वही. गाडी वीस मिनिटांत फाटकाबाहेर. या सुधारणेचा मला इतका गर्व होता की पाहुण्यांना मी आधी चहा विचारायच्या ऐवजी ती वही दाखवायचो.

त्या दिवशी सकाळी पावणेदहाला भागूबाई माझ्या खोलीच्या दारात आली. पोटाशी एक हिरवा क्रेट धरलेला, साडी ओली, ओठ पांढरे पडलेले.

"साहेब, याला वास येतोय."

"कसला?"

"औषधाचा. फवारणीच्या."

मी उठून क्रेटमध्ये नाक घातलं. मला काहीच कळलं नाही, माझं नाक बारा महिने चोंदलेलं. वैतागून म्हणालो, "भागूबाई, तुम्हाला झुरळाचीही भीती वाटते. साबणाचा असेल."

"साबण मीच घालते, साहेब. हा साबण नाही." तिचा आवाज इतका बारीक झाला होता की मला पुढे वाकावं लागलं. "याचा कान तुटलेला होता म्हणून हमालांनी यातला पालक याच्या जोडीच्या क्रेटांत ओतला आणि हा माझ्याकडे टाकला. ते बाकीचे अकराही गाडीत गेलेत."

गाडी नऊला सुटली होती आणि ती जात होती लहान मुलांच्या इस्पितळाच्या स्वयंपाकघरात. तिथे आमचा माल घेतात तो मुलं आजारी असतात म्हणूनच.

"नंबर काय?"

तेव्हा माझ्या लक्षात आलं की क्रेटच्या ज्या बाजूला नंबर कोरलेला असतो तिथे तिने तळहात दाबून धरला होता. आल्यापासून तसाच. बोटांची नखं पांढरी झाली होती.

"भागूबाई, हात काढा."

"साहेब, सगळीच गाडी थांबवा ना. नंबर कशाला?"

"सगळी गाडी थांबवली तर त्रेचाळीस जणांचा माल संशयात जाईल. सगळ्यांची सेंद्रिय प्रमाणपत्रं लटकतील. नंबर कळला तर एकाचंच."

एकाचंच. हे मी किती सहज बोलून गेलो! ज्याच्या मालात औषध सापडेल तो गटाबाहेर, आणि परत यायचं तर तीन वर्षं जमीन बिनऔषधाची राखायची, पीक अर्धं आणि भाव साधा. ती तीन वर्षं काय असतात हे भागूबाई भावाच्या घरात राहून बघून बसली होती. तिच्या भावाला प्रमाणपत्र मिळून जेमतेम महिना झाला होता.

मग तिने हात बाजूला केला आणि डोळे मिटून घेतले. दोनशे सतरा. वही उघडायची मला गरज नव्हती, तरी मी ती उघडली. तिच्या भावाचं नाव होतं.

मी ड्रायव्हरला फोन लावला. उचलेना. पुन्हा लावला. गाडी चालवताना फोन घ्यायचा नाही हा नियमही माझाच, भिंतीवर लाल अक्षरांत लावलेला. जुनी पद्धत असती तर गाडी अजून फाटकात उभी असती आणि मी शिव्या घालत तिच्याभोवती फिरत असतो. आता ती वेळेआधी पोचणार होती. इस्पितळाच्या भांडारपालाचा नंबर शोधताना माझी बोटं भलतीच बटणं दाबत होती.

"हो, गाडी आली की आत्ताच," तो खुशीत म्हणाला. "हल्ली तुम्ही फार लवकर पाठवता बुवा. पालक धुवायला घेतलाय."

"थांबवा. कुणाला हात लावू देऊ नका. चिरलाय का? शिजायला टाकलाय का?"

"बघतो."

तो बघायला गेला. फोनमधून भांड्यांचे आवाज येत होते, कुणीतरी मोठ्याने हसलं, नळ सुरू झाला, बंद झाला. भागूबाई क्रेट खाली न ठेवता उभी होती. ती पुटपुटत होती, "शिजवला नसेल, शिजवला नसेल." मीही मनात तेच म्हणत होतो. आयुष्यात मी इतका कधी घाबरलो नव्हतो, आणि ही बाई रोज अशी जगते हे मला तेव्हा पहिल्यांदा समजलं.

"चुलीवर नव्हता चढला," भांडारपाल परत येऊन म्हणाला. मी वहीतून नंबर वाचून दाखवले, त्याने ते अकरा क्रेट बाजूला काढले, नमुना तपासणीला गेला. आठ दिवसांनी अहवाल आला. तिचं नाक बरोबर होतं.

पण भाऊ क्रेट सापडला त्याच दुपारी आला. मीच बोलावला होता. खुर्चीत न बसता भिंतीला टेकून उभा राहिला. म्हणाला, शेजाऱ्याला औषधाच्या बाटल्या न्यायच्या होत्या, एका दिवसासाठी रिकामे क्रेट मागितले, मी दिले. परत आल्यावर पाण्याने धुतलेही होते. "शेजाऱ्याला नाही कसं म्हणणार?" एवढं बोलून त्याने विचारलं, "कुणाच्या लक्षात आलं?"

मी म्हणणार होतो, वहीत सापडलं. जिभेवर आलंच होतं. कोपऱ्यात उभी असलेली भागूबाई म्हणाली, "दादा, मी."

तो ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. त्याने तिच्याकडे बराच वेळ पाहिलं, मग माझ्याकडे, आणि म्हणाला, "सहा वाजता सुटतेस ना? घरी ये. बोलू." आणि गेला.

सहा वाजता मी तिला फाटकापर्यंत सोडायला गेलो. "काही होणार नाही," असं काहीतरी पुळचट बोललो. ती मान हलवून गेली, रस्त्याच्या अगदी कडेकडेने, नेहमीसारखी.

दुसऱ्या दिवशी शेड उघडायच्या अर्धा तास आधीच मी फाटकात उभा होतो. ती येईल की नाही या विचाराने माझी पाचावर धारण बसली होती. ती आली. एका हातात कपड्यांची पिशवी, दुसऱ्या हातात गुंडाळलेली सतरंजी. डोळे सुजलेले होते. त्या घरात काय झालं ते मी विचारलं नाही, तिने सांगितलं नाही.

"साहेब, क्रेटांच्या मागची ती लहान खोली रिकामी आहे ना? तिथे राहिले तर चालेल?"

"राहा की," मी म्हणालो. "हवं तितके दिवस राहा."

तिने पिशवी या हातातून त्या हातात घेतली, मागे रस्त्याकडे एकदा बघितलं आणि विचारलं, "त्या खोलीला आतून कडी आहे ना?"