कपाटातली बर्बन

दापोड्याला गोदामं असलेला आमचा शेजारी कडक अमेरिकन बर्बन व्हिस्कीचा मोठा पारखी. थेंबभर तळहातावर चोळून हुंगतो, मग घोट घेतो. बाटली पैसे वसूल असली तर बूच लावून कपाटात ठेवतो. नसली तर आल्यागेल्याला आग्रहाने पाजतो.

नवी नवरी असताना दारूच्या वासाने मी पदराने नाक दाबायची, मोठी सोवळी! आता नवी बाटली हुंगायला तेच नाक तो उसनं मागतो.

परवा त्याच्या मुलीने पहिल्या पगारातून बाटली आणली. घोट घेताच त्याचे डोळे पाणावले.

"काकी, निस्ती आग हाय, चव न्हाय," तो माझ्या कानाशी पुटपुटला.

"बाबा, कशी हाय?" मुलीने विचारलं.

त्याने बूच घट्ट लावलं आणि बाटली कपाटात ठेवली. पोरगी फुलली.

आता पाहुणे आले की तो आधी कपाटाला कुलूप लावतो.