गुरुजींनी न वाचलेली बातमी

मी भोकरदनला शाळेत शिकवते. मुलांच्या संरक्षणाच्या कायद्यावर जालन्याला शिक्षकांचं प्रशिक्षण झालं, तेव्हा सवयीने मी वहीत मुद्दे काढत गेले. मुलाचा जबाब घरी घ्यायचा. शक्यतो महिला अधिकाऱ्याने, साध्या कपड्यांत. आरोपी समोर नको. ओळख पटेल असं काही छापायचं नाही; नाव, पत्ता, घरच्यांची माहिती, काहीच नाही. या शेवटच्या मुद्द्याखाली मी दोन रेघा ओढल्या.

मी सहावीत होते तेव्हा आमच्या गावापर्यंत यातलं काहीच पोचलेलं नव्हतं. किराणा दुकानदाराने माझ्याशी जे केलं ते मी आईला सांगितलं आणि ती त्याच दिवशी मला घेऊन पोलीस ठाण्यात गेली. अशा वेळी मुलीलाच मार बसायचा, असे ते दिवस. आईने माझ्यावर विश्वास ठेवला, हे मी कधी विसरले नाही. ठाण्यात दुकानदार आधीच बाकावर चहा पीत बसला होता. त्याच्यासमोरच जमादाराने मला सगळं विचारलं आणि शेवटी आईला म्हणाला की, पोरीचं लग्न व्हायचंय, आपसात मिटवा. तक्रार लिहिलीच नाही. घरी येऊन आईने माझी पिशवी भरली. शाळा सोडवून मला धावड्याला मावशीकडे ठेवायचं ठरलं.

पेपरात मात्र आलं, ठाण्यातूनच कुणीतरी सांगितलं होतं. दुकानदार 'एक प्रतिष्ठित व्यापारी' झाला. माझं नाव बातमीदाराने गाळलं. तेवढं पुरेसं आहे असं त्याला वाटलं असावं. मी 'शिवणकाम करणाऱ्या विधवेची सहावीतली मुलगी' झाले. गावात शिलाई मशीन एकच होतं, आमच्या घरात.

पेपरही एकच यायचा, सकाळच्या एसटीने, चहाच्या हॉटेलात. बौद्धवस्तीतले निवृत्त गुरुजी तो मोठ्याने वाचायचे, बाकीचे ऐकायचे. त्या दिवशी माझा मामा तिथं होता, त्यानेच हे नंतर सांगितलं. एसटीतून उतरलेला एकजण म्हणाला, "गुरुजी, आपल्या गावाचं कायतरी आलंय म्हन्तेत. वाचा की."

गुरुजींनी पान उलटलं. बातमी मनातल्या मनात वाचली आणि पान पुन्हा उलटलं.

"कापसाचा भाव आलाय," ते म्हणाले. "ऐकायचा का न्हाई?"

भाव वाचून झाल्यावर त्यांनी पेपर काखेत मारला आणि उठले. हॉटेलवाला कुरकुरला की, भजे कशात बांधू आता? पळसाच्या पानात बांध, म्हणाले, आणि तडक आमच्या घरी आले. दारातली पिशवी त्यांना दिसली.

"बाई, पोरीनं काय केलंय?" त्यांनी आईला विचारलं. "उद्या शाळंत जाऊ द्या. मी येतो संगं."

पुढे बाजारच्या दिवशी बातमी गावात पोचलीच. दुकानही बिनधास्त चालू राहिलं. गुरुजींच्या गप्प बसण्याने त्या माणसाचं काही बिघडलं नाही, ते काम कायद्याचं होतं. पण तोवर मी वर्गात माझ्या जागेवर बसायला लागले होते. बाजूच्या मुलींनी विचारलं तरी मी तिथून उठले नाही. दहावी तिथूनच झाले.

पहिल्या सकाळी गुरुजी ठरल्याप्रमाणे आले. रस्ता दुकानावरूनच होता. तिथून जाताना त्यांनी मला सतराचा पाढा विचारला, चुकला तिथे थांबवलं, पुन्हा म्हणायला लावला. फाटकाशी पोचलो तर आत प्रार्थना सुरू झाली होती.

"पळ जल्दी," ते म्हणाले. "उशीर झाला तर छडी बसंल."

ठाण्यात गेल्यापासून माझ्याशी इतकं साधं कुणी बोललं नव्हतं. मी पळाले.