सणाच्या ऐन मध्यावर

आमच्या चर्चमध्ये रविवारी बायकांना पवित्र शास्त्र शिकवायचं काम माझ्याकडे होतं. त्या वर्गाला कुंभारीहून एक विडी कामगार बाई यायची. तिची मुलगी चर्चच्या गायनमंडळात होती. नव्या पिकाबद्दल देवाचे आभार मानायचा हंगामाचा सण तोंडावर आला आणि मुलीनं अचानक गाणं सोडलं. मी विचारलं, तर आईनं मला हाताला धरून बाहेर नेलं.

"ताई, ते गानं शिकवनारे हायत न्हवं, ते पोरींच्या अंगाला हात लावत्यात. कुणाला सांगू?"

ते गृहस्थ चर्चचा कारभार बघणाऱ्या पंचमंडळीतले, वजनदार. मी तशीच चर्चचे धर्मगुरू, आमच्या पाळकांकडे गेले. त्यांनी आधी चहा मागवला.

"सण होऊ दे, ताई. बाहेरगावचे पाहुणे येणार. प्रभूसुद्धा म्हणालाच की, माझी वेळ अजून आली नाही."

माझं डोकंच फिरलं. चहा तसाच ठेवून उठले. जुळे सोलापूरला पोचेपर्यंत गाडीवर एकटीच मोठ्यानं भांडत होते. घरी येऊन बायबलमधला तो अध्याय उघडला. त्याच्या भावांनी डिवचलं तेव्हा प्रभू सणाला निघाला नाही, हे खरं. पण पुढं? लोक भीतीनं नुसते कुजबुजत होते, आणि सणाच्या मध्यावर हा थेट मंदिरात जाऊन सगळ्यांसमोर शिकवायला लागला. त्याला धरायला माणसं टपलेली. आणि तिथंही लिहिलंय, त्याची वेळ अजून आली नव्हती. म्हणजे वेळ आली नव्हती तरी तो बोलला! पाळकांनी सोयीचं तेवढंच उचललं होतं.

सणाला शास्त्रवाचन माझ्याकडे होतं. आधी कुंभारीला जाऊन मुलीला विचारलं. ती म्हणाली, "माझं नाव नका घेऊ. पण बोला."

वेदीपुढं ज्वारीची कणसं, ऊस, कांदे मांडले होते. नेमलेला उतारा सोडून मी तोच अध्याय वाचला. मग म्हणाले, "या चर्चमध्ये मुलींच्या अंगाला हात लावला जातो. लावणारा बाजाच्या पेटीपाशी बसलाय. आणि आपल्याला सांगतात, सण होऊ दे."

"ताई, खाली बसा!" पाळक ओरडले.

"नाही बसणार."

मागं कुंभारीची बाई उभी राहिली. गायनमंडळातली एक मुलगी उठून तिच्याजवळ गेली, मग आणखी एक. ते गृहस्थ बाजूच्या दारानं निघून गेले.

त्या मुलींच्या आयांनी पोलिसांत तक्रार दिली. मी सोबत गेले. पंचमंडळीनं त्या गृहस्थांना काढलं, आणि माझा वर्गही काढून घेतला. पाळक अजून तिथंच आहेत, दर रविवारी प्रवचन देतात. चर्चमधली शिकलीसवरली माणसं मला रस्त्यात गाठून हळूच म्हणतात, "बोललात ते बरोबर हो, पण सणाच्या दिवशी?"

"मग कोणत्या दिवशी?" मी विचारते. मुद्दाम मोठ्यानं विचारते. ती इकडंतिकडं बघतात आणि गाडीला किक मारतात.